तीनशें एकावें युनिट

कुंडलिकेच्या एका तीरास जुना जालना आणि दुसऱ्या तीरास नवा जालना, अशी आमच्या गांवाची पूर्वापार वांटणी आहे. गांवाबाहेर लोखंडाच्या सळयांचे कारखाने उभे राहिले, बियाण्यांच्या व्यापारानें गांवाचें नांव दूरवर गेलें. परंतु जुन्या जालन्यांत अद्याप कांहीं घरें अशीं आहेत कीं, जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, एका देवघरांत दिवा लावतात आणि विजेचें बिलहि एकच भरतात. या शेवटच्या गोष्टीवरून अशाच एका घरांत सन २०२४ च्या पावसाळ्यांत जी बोलाचाली झाली, ती आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. घर आमच्या स्नेह्यांचें असल्यामुळें नांवें देत नाहीं. हिशेब मात्र जसाच्या तसा देतों, कारण तो सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

घरांत माणसें नऊ. कर्ते थोरले काका. परंतु जमाखर्चाची वही थोरल्या काकूंच्या हातीं. धाकट्या दिरांचा मुलगा पुण्यास नोकरीस होता. इमारतींच्या आराखड्यांवरून संगणकावर हुबेहूब चित्रें तयार करावयाचीं, हें त्याचें काम. आजींची प्रकृति खालावली तेव्हां त्यानें मालकांची परवानगी काढली आणि घरूनच काम करण्याच्या बोलीवर तो जालन्यास परत आला. मुलें एकामागून एक घराबाहेर पडण्याच्या या काळांत एक मुलगा आपण होऊन परत येतो, याचा आनंद त्या घरास किती झाला असेल, हें सांगावयास नको.

त्याच्या कामास बलवान संगणक पाहिजे होता. नवा संगणक जुळवावयाचा तर ९२ हजार रुपये पडत होते. त्यानें जुन्या बाजारांतून दोन सर्व्हर-प्रोसेसरांचें यंत्र ५२ हजारांत उभें केलें. सर्व्हर म्हणजे बँकांचे व्यवहार, लोकांचा पत्रव्यवहार व छायाचित्रें रात्रंदिवस सांभाळणारे संगणक. नव्या मुंबईंत ऐरोली, महापे या भागांत त्यांचीं दालनेंच्या दालनें भरलेलीं आहेत. इंटेल कंपनीचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा असाच एक प्रोसेसर. सन २०१६ च्या आरंभीं तो निघाला तेव्हां त्याची किंमत १,७४५ डॉलर होती. त्यांत चौदा कोअर, म्हणजे एका वेळीं राबणारे चौदा कामकरी आहेत, असें समजावें. मोठ्या कंपन्या असलीं यंत्रें पांच-सहा वर्षांनीं काढून टाकतात. तीं बिघडतात म्हणून नव्हे, तर तेवढेंच काम नवीं यंत्रें कमी विजेंत व कमी जागेंत करतात म्हणून. मग हे प्रोसेसर ढिगांनीं बाजारांत येतात आणि एके काळीं लाखाच्या वर किंमत असलेली वस्तु दोन हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळूं लागते.

पहिल्या महिन्याचें बिल आलें आणि काकूंनीं वही उघडली. एरवीं पावसाळ्यांत घरास २८० युनिटें लागत व बिल सुमारें ३,२२० रुपये येई. या खेपेस युनिटें ४१९ आणि बिल ५,६६० च्या घरांत.

“अरे, यंत्र आणलेंस तेव्हां आम्हीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं,” काकू म्हणाल्या, “पण यंत्र एकदां येतें आणि बिल दरमहा येतें.”

“काकू, मीं आधींच हिशेब केला होता. महिन्यास आठशें रुपयांवर खर्च जाणार नाहीं.”

“मग हे चोवीसशें कोठून आले?”

मुलास उत्तर सुचेना. कोणी म्हणालें मीटर सदोष असेल, कोणी म्हणालें पुण्यास असतां तर हा खर्च मालकांच्या माथीं गेला असता. हा दुसरा बोल त्याला लागला. “मग यंत्र उचलून मी पुण्यासच जातों,” असें तो जेवतां जेवतां बोलून गेला. पलीकडच्या खोलींत आजी जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं थोरल्या काकांनीं आम्हांस बोलावून घेतलें. प्लगांत बसवावयाचा एक लहान वीजमापक आम्हीं बरोबर नेला. काम चालूं असतां यंत्र ३४० वॉट घेई आणि नुसतें स्वस्थ बसलें असतांहि १२० वॉट. तें रोज आठ तास काम करी व उरलेले सोळा तास तसेंच चालूं राही. कारण सर्व्हरचें यंत्र सुरू होतांना आपल्या साऱ्या स्मृतीची तपासणी करीत कांहीं मिनिटें घालवितें व मुलास तें कंटाळवाणें वाटे. हजार वॉट एक तास चालले म्हणजे एक युनिट. त्या हिशेबानें दिवसाचीं सुमारें ४.६४ व महिन्याचीं १३९ युनिटें झालीं. मीटर निर्दोष होता.

मुलाची युनिटेंहि बरोबर होतीं. चूक होती ती दरांत. महावितरणच्या सन २०२४-२५ च्या दरपत्रकांत घरगुती विजेस वीज आकार व वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांस ५.८८ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत ११.४६, ३०१ ते ५०० पर्यंत १५.७२ आणि त्यापुढें १७.८१ असा दर होता. वर १६ टक्के वीज शुल्क. मुलानें १३९ युनिटांस ५.८८ नें गुणलें व ८१७ रुपये काढले. परंतु घराचीं २८० युनिटें आधींच होतीं. नव्या यंत्राचीं पहिलीं वीस युनिटें दुसऱ्या टप्प्यांत गेलीं आणि उरलेलीं ११९ तिसऱ्या टप्प्यांत. शुल्क धरून ही रक्कम २,४३६ रुपये होते. एकट्या माणसाच्या बिऱ्हाडांत जें यंत्र परवडतें, तेंच नऊ माणसांच्या मीटरवर कां परवडत नाहीं, याचें हें कारण आहे.

येथें कोणी विचारील कीं, प्रोसेसरावर तर १२० वॉट असें लिहिलेलें असतें, मग ३४० कोठून आले? तो आंकडा प्रोसेसर थंड ठेवणारी योजना किती उष्णतेसाठीं असावी हें सांगतो. भिंतींतून येणाऱ्या विजेचा तो आंकडा नव्हे. दोन प्रोसेसरांचे २४० झाले; त्यांवर स्मृतीच्या पट्ट्या, मुख्य पट्ट, पंखे, चित्राचें कार्ड आणि वीज पुरविणाऱ्या डब्यांतील तूट. स्वस्थ बसतांना जी वीज जाते तिचें कारणहि हेंच: असें यंत्र कधीं झोपूं नये म्हणूनच घडविलेलें असतें. स्मृतीच्या आठ वाटा व देखरेखीची निराळी चिप सदा जागी राहते. शिवाय प्रोसेसरास लागणारी वीज त्याच्या गतीच्या प्रमाणांत वाढते, पण विद्युद्दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब दुप्पट केला कीं वीज चौपट. नवे प्रोसेसर सूक्ष्मतर घडणीचे असल्यामुळें कमी दाबावर तेंच काम करतात. एएमडी कंपनीचा सन २०२३ च्या जानेवारींत निघालेला रायझन ९ ७९०० हा बारा कोअरांचा, ६५ वॉटांचा घरगुती प्रोसेसर अशा चित्रांच्या कामांत त्या दोन जुन्या झिऑनांच्या जवळपास पोहोंचतो.

नव्या सर्व्हर-प्रोसेसरांचीहि गोष्ट अशीच. इंटेलनें झिऑन ६९८०पी हा १२८ कोअरांचा प्रोसेसर सन २०२४ च्या सप्टेंबरांत आणला, तेव्हां त्याची किंमत १७,८०० डॉलर होती. चारच महिन्यांनीं ती १२,४६० वर आली. वॉट मात्र ५०० चे ५००च राहिले. किंमत बाजाराच्या हातीं असते, ती आज चढेल, उद्यां उतरेल. विजेची भूक यंत्राच्या घडणींत असते. आमच्या गांवचा भट्टीवाला हें पक्कें जाणतो. भट्टी केवढ्यास पडली यापेक्षां एका टनास युनिटें किती, हा प्रश्न तो आधीं विचारतो.

मग जुनें यंत्र विकून नवें घ्यावें काय? काकांचें मत तसें झालें होतें. परंतु आम्हीं तेंहि मांडून पाहिलें. नवें यंत्र कामाच्या वेळीं १५० वॉट व स्वस्थ असतां ५० वॉट घेईल असें धरलें. दोन्हीं यंत्रें अहोरात्र चालूं ठेवलीं तर नव्यानें दरमहा १,४४१ रुपये वांचतात आणि ४० हजारांचा जादा खर्च २८ महिन्यांत भरून निघतो. परंतु काम संपतांच दोन्हीं बंद केलीं तर जुन्याचा खर्च १,३९६ व नव्याचा ५५८. वांचतात ८३८, आणि भरपाईस चार वर्षें लागतात. एखाद्याचें काम दिवसाचें दोनच तास असेल, तर जुन्याचीं युनिटें महिन्यास वीसच; नव्यानें जेमतेम दीडशें रुपये वांचतील आणि ४० हजार फिटावयास बावीस वर्षें उलटून जातील. म्हणजे सर्व्हर-प्रोसेसर घरांत आणणें हा मूर्खपणा नव्हे आणि शहाणपणाहि नव्हे. दिवसाचे तास किती, आणि तें यंत्र आपल्या मीटरच्या कोणत्या टप्प्यावर येऊन बसणार, यावर तें ठरतें.

ठरलें असें कीं, यंत्र ठेवावें, पण काम संपतांच बंद करावें. युनिटें १३९ वरून ८२ वर येतील. हे १,३९६ रुपये मुलानें दरमहा द्यावे, असें आम्हीं सुचविलें आणि त्यानेंहि मान हालविली. हिशेब संपला असें आम्हांस वाटलें. परंतु काकूंनीं वही मिटली नाहीं.

“तीनशें एकावें युनिट त्याचेंच कशावरून?” त्यांनीं विचारलें. “त्याचें यंत्र आधींपासून असतें आणि शीतकपाट मागाहून आलें असतें, तर महाग युनिटें शीतकपाटाचीं म्हटलीं असतींत ना? तो घरीं शेवटीं आला म्हणून सगळ्यांत महाग दर त्याच्या नांवावर कां?”

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. मीटर युनिटें मोजतो. तीं कोणत्या क्रमानें कोणाचीं, हें तो सांगत नाहीं. मग काकूंनीं आपली रीत सांगितली: सर्व बिलास सर्व युनिटांनीं भागावें व जो सरासरी दर निघेल त्यानें ८२ युनिटांची रक्कम मुलानें द्यावी. ३६२ युनिटांचें बिल ४,६२० रुपये होतें. सरासरी दर १२ रुपये ७६ पैसे, आणि मुलाची रक्कम १,०४६. राहिलेले साडेतीनशें घरखर्चांत. “आजींच्या उशाशीं कोणीतरी बसतो, त्याचे म्हणा,” एवढेंच त्या म्हणाल्या. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण त्या रात्रीं दहाच्या सुमारास यंत्राचे पंखे थांबलेले सर्वांनीं ऐकले.

दर पुढें बदलत जातात, म्हणून वरील आंकडे कोणीं आपल्या घरास जसेच्या तसे लावूं नयेत. आपल्या बिलाच्या पाठीमागील तक्ता पाहावा, आपलें घर कोणत्या टप्प्यावर थांबलें आहे तें शोधावें, आणि येणारें यंत्र तेथून पुढें मोजावें. इंधन समायोजन आकार दरमहा निराळा असतो, तो आणखी मिळवावा. विक्रेत्यास किंमतीआधीं विचारावें कीं, यंत्र स्वस्थ बसलें असतां किती वॉट घेतें. उन्हाळ्याचा विचारहि सोडूं नये. यंत्रानें घेतलेली सर्व वीज शेवटीं खोलींत उष्णता होऊन उतरते, आणि आमच्याकडील वैशाखांत ३४० वॉटांची शेगडी उशाशीं कोणासच नको असते. एवढें झाल्यावर घरांतल्या घरांत वांटणी कशी करावी, हें मात्र दरपत्रकांत मिळणार नाहीं; तें ज्यांच्या हातीं वही आहे त्यांनींच ठरवावयाचें आहे.