अस्सल कशाला म्हणायचे?

अमेरिकेत 1969 सालची एखादी ‘येन्को कॅमारो’ विक्रीला निघाली, की ती किती वेगाने धावते हे फारसे कोणी विचारीत नाही. इंजिनावरचे आकडे मूळचेच आहेत ना, जुनी बिले जपली आहेत ना, हे आधी पाहिले जाते. कागद पुरे असतील तर किंमत लाखो डॉलरांत जाते. तेच इंजिन, तोच रंग, तेच पट्टे घेऊन एखाद्या कसबी मेकॅनिकने साध्या कॅमारोपासून हुबेहूब गाडी उभी केली, तर तिला म्हणतात ‘नक्कल’, आणि तिची किंमत पार खाली येते. हा न्याय मला पटत नाही.

मुळात ही ‘अस्सल’ गाडी जन्मली कशी, ते पाहू. कॅमारो ही जनरल मोटर्सच्या शेवरलेट शाखेची गाडी. त्या काळी जनरल मोटर्सचा असा दंडक होता, की मध्यम व लहान गाड्यांत 400 घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. 427 घन इंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे इंजिन कॉर्व्हेटमध्ये मिळे. कॅमारोत मिळत नसे. तरुण गिऱ्हाइकांना मात्र छोटी गाडी आणि दांडगे इंजिन एकत्र हवे होते.

पेनसिल्व्हानियातील कॅनन्सबर्ग या गावी डॉन येन्को शेवरलेटच्या गाड्या विकत असे. तो स्वतः शर्यतींत उतरणारा. 1967 साली त्याने तोड काढली. नव्याकोऱ्या कॅमारोचे इंजिन उतरवायचे, तेथे 427 चढवायचे आणि गाडी आपल्या नावाने विकायची. कॅमारोत मिळणारे 396 घन इंचांचे इंजिन आणि हे 427 एकाच घराण्यातले. बाहेरून मापे सारखी, फरक सिलिंडरच्या व्यासाचा. म्हणून ही अदलाबदल साधत असे.

म्हणजे पाहा, कारखान्यातून आली तशी राहिली नाही, म्हणूनच ती गाडी मोलाची ठरली! आज ज्या फेरफाराला बाट समजतात, तोच तेव्हा तिचा गुण होता.

1969 साली गंमत आणखी वाढली. टॅक्सी, पोलीस अशांच्या खास मागण्यांसाठी शेवरलेटमध्ये एक वेगळी सोय होती. तिला ‘कोपो’ म्हणत. त्या वाटेने येन्कोने 427 इंजिन थेट कारखान्यातच बसवून घेतले. पट्टे आणि नावाची चिन्हे तेवढी दुकानात लागली. 1967 साली इंजिन बसवले दुकानातल्या हातांनी, 1969 साली कारखान्यातल्या हातांनी; नाव दोन्ही वेळा विक्रेत्याचे. बोल्ट आवळणाऱ्याचे नाव कुठल्याच पट्ट्यावर नाही.

कोणी म्हणेल, जुनी वस्तू म्हणजे इतिहास, आणि इतिहासाला पुरावा लागतो. कबूल. नक्कल अस्सल म्हणून खपवणे ही फसवणूकच, आणि तिला शिक्षा हवी. परंतु जो मेकॅनिक उघडपणे सांगतो, ‘ही मी तयार केली’, त्याच्या कामाला कमी का लेखावे? त्याने तेच केले, जे 1967 साली कॅनन्सबर्गच्या मेकॅनिकने केले होते. मग एकाचे काम वारसा आणि दुसऱ्याचे नक्कल, हे कसे?

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. कागदाचे मोल मला ठाऊक आहे. उद्या पदवीचा कागद हाती पडावा म्हणूनच मी शिकतो आहे. पण कागद कामाची साक्ष देतो, त्याने कामाची जागा घेऊ नये. साक्षीदारालाच धनी मानले, की राबणारा हात दृष्टीआड होतो.

1970 साली जनरल मोटर्सने तो दंडक स्वतःच मागे घेतला. मोठी इंजिने राजमार्गाने मिळू लागली. नियम गेला, त्याला बगल देऊन केलेल्या गाड्या मात्र आज बंद गॅरेजात कापडाखाली जपल्या जातात. धावण्यासाठी केलेली वस्तू न धावता महाग होते! माझ्यापुरते मी ठरवले आहे : अशी गाडी कधी पाहायला मिळालीच, तर कागद मागण्याआधी बॉनेट उघडा म्हणेन.