अपुरी मोटार, पुरी वसुली

नोव्हेंबर २०१९ मध्ये जर्मनीतील त्स्विकाउ येथे चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत फोक्सवॅगनच्या ‘आयडी-३’ या विजेच्या मोटारीचे उत्पादन मोठ्या समारंभाने सुरू झाले. बीटल आणि गोल्फ यांच्यानंतर कंपनीच्या इतिहासाचे तिसरे पर्व सुरू होत असल्याची द्वाही फिरवण्यात आली. हजारो ग्राहकांनी प्रत्येकी एक हजार युरो भरून त्याआधीच नोंदणी केली होती. मोटारी तयार होऊ लागल्या, पण त्या रस्त्यावर येईनात. सांगाडा होता, चाके होती, बॅटरी होती. या साऱ्यांना एका सूत्रात बांधणारे सॉफ्टवेअर तेवढे पुरे झालेले नव्हते. २०२०च्या उन्हाळ्याचे वचन सप्टेंबरवर गेले. तेव्हाही पहिल्या ग्राहकांपुढे दोनच पर्याय ठेवण्यात आले : काही सुविधा नसलेली मोटार आता घ्या, अथवा पुरी मोटार हवी असेल तर वर्षअखेरपर्यंत थांबा. जी सुधारणा घरबसल्या, हवेतून आपोआप होईल असे सांगितले गेले होते, तिच्यासाठी पुढे अनेकांना वर्कशॉपच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

हा एकाच कंपनीचा गलथानपणा म्हणून सोडून देता आला असता. परंतु अमेरिकेत जनरल मोटर्सने २०२३ साली ‘शेव्हरोले ब्लेझर’ची विजेवर चालणारी आवृत्ती बाजारात आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे तिची विक्री थांबवली, ती पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडला. व्होल्वोची ‘ईएक्स-९०’ सॉफ्टवेअरसाठी लांबणीवर पडली, आणि नव्या ‘ईएक्स-३०’च्या सुमारे ७२ हजार मोटारी जून २०२४ मध्ये परत बोलवाव्या लागल्या, कारण वेग दाखवणाऱ्या पडद्यातच दोष होता. देश निराळे, मालक निराळे, दोषाची जात एकच. एकाच प्रकारची चूक सर्वत्र होऊ लागते, तेव्हा तिला चूक न म्हणता पद्धत म्हणावे लागते.

कंपन्यांचे कैवारी म्हणतात, या नव्या युगाच्या प्रसववेदना आहेत. थोडे सोसले पाहिजे. सोसण्याला कोणाची ना नाही. प्रश्न एवढाच, की सोसायचे कोणी? औषध अर्धवट तपासून विकता येत नाही, पूल अर्धवट बांधून वाहतुकीस खुला करता येत नाही. मग ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने धावू शकणारे यंत्र ‘उरलेले नंतर पाठवू’ या बोलीवर कसे विकता येते? याचे उत्तर तंत्रशास्त्रात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. ग्राहकाची अनामत ही उत्पादकाला बिनव्याजी मिळालेली भांडवलाची रक्कम असते. अपुरी मोटार चालवून तिचे दोष कळवणारा ग्राहक हा बिनपगारी परीक्षक असतो. पूर्वी चाचणीचा खर्च कारखान्याच्या माथी होता. तो आता हलक्या हाताने खरेदीदाराच्या माथी सरकवण्यात आला आहे.

घाईचेही कारण तपासले पाहिजे. युरोपीय संघाने २०२० पासून कंपनीच्या नव्या मोटारींसाठी दर किलोमीटरला सरासरी ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली. तिच्या पुढील प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक मोटारीस ९५ युरो दंड ठेवला. ही मर्यादा योग्यच होती आणि ती अचानक आलेली नव्हती. तयारीस अनेक वर्षे मिळाली होती. परंतु ती वर्षे डिझेलच्या नफ्यात घालवून शेवटच्या क्षणी अपुऱ्या मोटारी पुढे ढकलण्यात आल्या. इतके करूनही २०२० मध्ये फोक्सवॅगन समूहाची मर्यादा अर्ध्या ग्रॅमने हुकलीच. दुसरीकडे जर्मन सरकारने त्याच वर्षी खरेदी-अनुदानातील आपला वाटा दुप्पट करून मोटारीमागे सहा हजार युरोपर्यंत नेला. म्हणजे अपुऱ्या मालाच्या विक्रीला सार्वजनिक तिजोरीचे खतपाणी मिळाले आणि माल पुरा असलाच पाहिजे अशी अट मात्र कोणी घातली नाही.

येथे एका गोष्टीचे विस्मरण होता कामा नये. याच समूहाला सॉफ्टवेअर लिहिता येत नव्हते, असे नाही. प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते इंजिन सोवळे करणारे सॉफ्टवेअर जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत बसवल्याचे २०१५ साली उघडकीस आले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या तपासणीनंतर भारतातही ३ लाख २३ हजार ७०० मोटारी परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. फसवणुकीचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनचूक चालले, प्रामाणिकपणे मोटार चालवण्याचे तेवढे वेळेत होईना! बुद्धी आणि पैसा यांचा वापर कशासाठी व्हावा, हे नफा ठरवू लागला म्हणजे असेच घडते.

मग या अपयशाची किंमत कोणी चुकवली? सॉफ्टवेअरसाठी काढलेल्या ‘कॅरियाड’ या उपकंपनीला २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी दोन-दोन अब्ज युरोंहून अधिक तोटा झाला. २०२२ मध्ये प्रमुख हर्बर्ट डीस पायउतार झाले. २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘रिव्हियन’ या तरुण कंपनीकडून तंत्रज्ञान मिळवण्यासाठी पाच अब्ज डॉलरपर्यंतची गुंतवणूक जाहीर झाली. आणि त्याच वर्षी व्यवस्थापनाने १९९४ पासून चालत आलेला नोकरीच्या हमीचा करार मोडीत काढला, जर्मनीतील किमान तीन कारखाने बंद करण्याची आणि दहा टक्के वेतनकपातीची योजना पुढे आणली. चीनमधील घटती विक्री आणि महागलेली ऊर्जा हीही कारणे होती, हे मान्य. परंतु भागधारकांना त्याच वर्षी सुमारे साडेचार अब्ज युरोंचा लाभांश वाटताना यांपैकी एकही कारण आड आले नाही. डिसेंबरमध्ये सुमारे एक लाख कामगार संपावर उतरले. तडजोडीत कारखाने वाचले. पण २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे ठरले आणि ठरलेली वेतनवाढ कामगारांना सोडून द्यावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये पहिल्या ‘आयडी-३’ मोटारी ग्राहकांना ज्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात समारंभपूर्वक देण्यात आल्या, तेथील मोटार-उत्पादन २०२५च्या अखेरीस थांबले. सॉफ्टवेअरची एकही ओळ ज्याने लिहिली नाही, त्या कामगाराने तिच्या चुकीची भरपाई केली.

यावर एक आक्षेप समाजवाद्यांनाच विचारला जाईल आणि तो टाळू नये. फोक्सवॅगनमध्ये लोअर सॅक्सनी या राज्याकडे मतांचा पाचवा हिस्सा आहे. १९७६ च्या सहनिर्णय कायद्यानुसार पर्यवेक्षक मंडळातील निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींच्या आहेत. मग हे सारे का टळले नाही? उत्तर असे, की या हक्कांमुळेच तीन कारखाने वाचले. हे थोडे नव्हे. परंतु मतांचे बहुमत पोर्श-पिएख घराण्यांच्या हाती आहे. काय बनवायचे, केव्हा विकायचे, किती तपासायचे, हे व्यवस्थापन ठरवते आणि कामगारांपुढे विषय येतो तो निस्तरण्याच्या वेळी. हा सहभाग शिक्षा सौम्य करण्यास पुरला, चूक रोखण्यास पुरला नाही. कामगारांना निर्णयात वाटा हवा तो शेवटी नव्हे, आरंभी.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने ही दूरदेशीची कथा समजू नये. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे, देशी विजेच्या मोटारीही तेथे बनतात. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर केवळ पाच टक्के आहे. २०२५ पासून राज्यात अटल सेतूसारख्या मार्गांवर त्यांना टोलमाफी आहे. विजेच्या वाहतुकीला विरोध करण्याचे कारण नाही. हवा सर्वांची आहे आणि धुराने आधी गुदमरतो तो फुटपाथवरचा माणूसच. परंतु सवलत समाज देत असेल, तर अटी घालण्याचा हक्कही समाजाचा आहे. एकीकडे खाजगी मोटारींना माफी, आणि दुसरीकडे २०२३ साली राज्य परिवहन महामंडळाने ज्या ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार केला, त्यांचा पुरवठा इतका रखडला की मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली! मोटार उशिरा मिळालेल्याची गैरसोय होते. बस न आलेल्या खेड्यातील मुलीची शाळा बुडते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. करसवलत आणि अनुदान पुरी झालेली, तपासलेली मोटार ताब्यात दिल्यावरच मिळावे. विलंब झाल्यास अनामतीवर व्याज द्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ ने सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. सुरक्षिततेशी संबंधित सॉफ्टवेअरची प्रत्येक दुरुस्ती, ती हवेतून झाली तरी, कारणासह जाहीरपणे नोंदवली जावी, गुपचूप उरकली जाऊ नये. दुरुस्तीची माहिती गल्लीतल्या गॅरेजच्या मेकॅनिकलाही खुली असावी. कुलूप कंपनीचे आणि किल्लीही कंपनीचीच, हा नवा मक्ता मोडला पाहिजे. सार्वजनिक पैशाचा पहिला घास बसला मिळावा, मोटारीला नंतर.

चाकणच्या कामगार-संघटनांनी ड्रेस्डेनचा धडा आजच गिरवावा. तेथे एक लाख कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा निर्णय होऊन गेले होते. येथे ते व्हायचे आहेत.