प्रतिनिधीचे मुख्यालय

गेल्या पंधरवड्यात एके रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या ओसरीवर एक वाद उपस्थित झाला. वादी आमचे नातू, प्रतिवादी आमचे वडील बंधू दादा. नातवाचे म्हणणे असे की, मुंबईचा एखादा नामांकित नट उद्या हिंगोलीतून लोकसभेस उभा राहिला, तर मत त्यालाच द्यावे. निदान आपल्या जिल्ह्याचे नाव तरी दिल्लीत कोणाच्या कानी पडेल. दादांचे म्हणणे असे की, ज्याची विहीर येथे नाही, त्यास येथील दुष्काळ काय कळणार? दोघांनीही निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले. शिक्षकी पेशात हयात घालविलेल्या मनुष्यास घरातही परीक्षक समजतात, ही त्या पेशाची अडचणच होय. त्या रात्री आम्हांस निवाडा देता आला नाही. तो आज वाचकांपुढे मांडतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्यास सामान्यतः दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघातून उभे राहता येते. विधानसभेसाठी तो त्या राज्याचा मतदार असावा लागतो. ग्रामपंचायतीसाठी मात्र नाव त्याच गावच्या यादीत असावे लागते. म्हणजे पद जसजसे मोठे, तसतशी गावाशी असलेली गाठ सैल. लोकसभेचा सभासद साऱ्या देशाचे कायदे करतो, हे त्यामागील तत्त्व आहे, आणि ते त्याज्य नव्हे. शिवाय आमचा मतदारसंघ तरी एका ठिकाणचा कोठे आहे? हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. परंतु त्याच्या नावाच्या मतदारसंघात नांदेडकडील किनवट व हदगाव आणि यवतमाळकडील उमरखेड हेही येतात. पैनगंगेपलीकडील उमरखेडकरास वसमतचा उमेदवार परगावचाच वाटावयाचा.

परगावच्या उमेदवारांचा इतिहासही सर्वस्वी वाईट नाही. पुण्याचे मधु लिमये बिहारातील मुंगेर व बांका येथून मिळून चार वेळा लोकसभेवर निवडून गेले. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडचे. परंतु संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ साली नाशिककरांनी त्यांस बिनविरोध पाठविले. तेलंगणातील पी. व्ही. नरसिंह राव यांस रामटेकने १९८४ व १९८९ अशा दोन्ही वेळी निवडून दिले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारा हा गृहस्थ मराठी मतदारास परका वाटला नसेल, तर त्यात नवल नाही. तेव्हा दादांचा विहिरीचा नियम टिकत नाही.

मग नातवाचे म्हणणे खरे मानावे काय? त्यासाठी पंजाबातील गुरुदासपूरकडे पाहणे बरे. हे नाव आमच्या जिल्ह्यास अनोळखी नाही. आमच्या नरसीचे नामदेव महाराज उत्तरायुष्यात ज्या घुमान गावी राहिले असे मानतात, ते त्याच जिल्ह्यात आहे. २०१५ साली ८८ वे मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. या गुरुदासपूर मतदारसंघात १९९८ साली मुंबईहून विनोद खन्ना हे नट उभे राहिले व निवडून आले. पुढे २००९ साली त्यांस पराभव पाहावा लागला, तथापि एकंदर चार वेळा त्या मतदारांनी त्यांस निवडले. नद्यांवरील पुलांच्या कामासाठी त्यांचे नाव तिकडे घेतले जाते. २०१९ साली त्याच जागी सनी देओल हे मुंबईचेच दुसरे नट ८२ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. थोड्याच आठवड्यांत त्यांनी मतदारसंघातील बैठकांसाठी आपल्या वतीने एक गृहस्थ नेमला. लोकांनी प्रतिनिधी निवडावा आणि त्या प्रतिनिधीने आपला प्रतिनिधी नेमावा! पुढे पठाणकोटात खासदार हरवले असल्याचे फलक लागले, आणि २०२४ साली ते उभेच राहिले नाहीत. साहित्यशास्त्रात जिचा पती परदेशी गेला आहे, अशा नायिकेस प्रोषितभर्तृका म्हणतात. मतदारसंघासही ती अवस्था येऊ शकते, हे शास्त्रकारांच्या ध्यानी आले नसावे.

दोघेही नट, दोघेही मुंबईहून आलेले, मतदारसंघही एकच. अर्थात भेद कीर्तीत नाही आणि जन्मगावातही नाही. तो कोठे आहे, हे सांगण्यापूर्वी स्वतःची एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम आहे. आम्ही एका खेड्यात मुख्याध्यापक असताना बिऱ्हाड हिंगोलीस ठेविले होते आणि एस.टी.ने जा-ये करीत होतो. मुख्यालयी राहतो असे लिहून देऊन घरभाडे भत्ताही घेत होतो. एका जून महिन्यात सातवी उत्तीर्ण झालेल्या एका मुलास वसतिगृहात प्रवेशासाठी शाळेचा दाखला हवा होता. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत होती. त्याची आई दिवसभराच्या मजुरीवरून परतून त्यास घेऊन शाळेत आली, तेव्हा दारास कुलूप होते. आम्ही पाचच्या गाडीने निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी साडेदहास पोहोचून आम्ही सुवाच्य अक्षरांत दाखला लिहून दिला. त्याचा उपयोग संपला होता. ती बाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुर्जी, तुमचं घर लांब, तुमी तरी काय करताल?” मुलगा त्या वर्षी आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला. पुढील महिन्यात आम्ही गावात खोली घेतली; पण तो काही शाळेत परत आला नाही.

आम्ही याच जिल्ह्याचे. आमची विहीरही येथेच आहे. तरी त्या सायंकाळी त्या मायलेकरांस आमच्याहून परका कोणी नव्हता.

संस्कृतात वस् म्हणजे राहणे. त्याच धातूपासून प्रवास होतो आणि उपवासही. उपवास म्हणजे मुळात जवळ राहणे. नामदेव महाराजांस घुमानास ना विहीर होती, ना सोयरेधायरे. ते तेथे राहिले, म्हणून आज त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत.

सारांश, उमेदवार नट असो, खेळाडू असो वा शेजारच्या वाड्यातील असो, त्यास गाव विचारू नये आणि त्याच्या कीर्तीसही भुलू नये. महिन्यातील किती दिवस तो येथे असणार, त्याच्या कचेरीचे दार कोण उघडणार आणि सायंकाळी पाचनंतर आलेल्या मजूर बाईस तेथे कोण भेटणार, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ते मत मागावयास दारी येईल तेव्हाच विचारावेत. नंतर विचारण्यासाठी तो सापडेलच, असा भरवसा नाही.