कुलूप बदललं, पण किल्लीचं काय?



घरात भिंतीला टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी पेटी म्हणजे राऊटर. तिच्या पोटात एक छोटा संगणकच असतो, आणि त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. मोबाईल निदान 'अपडेट करा' म्हणून मागे तरी लागतो. या पेटीकडे मात्र दिवे विझल्याशिवाय कुणी बघत नाही.

लाटव्हिया देशात, रीगा शहरात मायक्रोटिक नावाची कंपनी आहे. १९९६ साली निघालेली. तिच्या सिस्टीमचं नाव राऊटरओएस. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या केबल-इंटरनेटवाल्यांकडे याच कंपनीची यंत्रं बसवलेली असतात, म्हणून ही हकिगत आपल्याही कामाची.

एप्रिल २०१८ मध्ये राऊटरओएसमध्ये एक भोक सापडलं. राऊटरची व्यवस्था पाहण्यासाठी विनबॉक्स नावाची सोय आहे. तिच्यातून कुणीही परका माणूस पासवर्डची फाईल बाहेर काढू शकत होता. कंपनीने दिरंगाई केली नाही, लगेच ६.४२.१ ही दुरुस्त आवृत्ती काढली. पण ती बसवतो कोण? त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ब्राझीलमधले हजारो राऊटर चोरांच्या हाती गेले. पुढे जगभरातला आकडा दोन लाखांच्या वर गेला. लोक वेबपान उघडत, आणि त्यांच्या नकळत त्यांचा संगणक चोरांसाठी आभासी नाणी पाडत बसे. वीज यांची, कमाई त्यांची!

त्याच साली एका रशियन भाषिक माणसाने आपण परस्पर लाखभर राऊटर दुरुस्त केल्याचं सांगितलं. आभार मानणारे थोडे, न विचारता हात का लावला म्हणून चिडणारेच जास्त. चिडणं चूक म्हणवत नाही, पण चार महिने उघडं दार कुणाला दिसलं नव्हतं हेही खरं.

मुद्दा असा की, आवृत्ती बदलली म्हणजे भोक बुजलं. चोरीला गेलेला पासवर्ड मात्र चोराकडेच राहिला. त्याने राऊटरमध्ये लिहून ठेवलेले छुपे हुकूमही अपडेटने आपोआप पुसले जात नाहीत. कुलूप दुरुस्त केलं आणि किल्ली तीच ठेवली, तर काय उपयोग?

डिसेंबर २०२१ मध्ये सातव्या आवृत्तीची पहिली पक्की प्रत, ७.१, आली. सहावी आवृत्ती २०१२ सालच्या लिनक्स गाभ्यावर चालत होती. सातवीत तो बदलला. वायरगार्ड आलं. त्यामुळे दोन ठिकाणांमध्ये बंदिस्त बोगदा तयार करता येतो, म्हणजे संस्थेच्या कार्यालयातला हिशेब घरून पाहताना मधल्या कुणाला वाचता येत नाही. ७.४ पासून कंटेनर, म्हणजे राऊटरच्या आतच दुसरा एखादा प्रोग्रॅम चालवण्याची सोय. घरच्या माणसाला तिची गरज नाही.

पण या कंटेनरची एक गोष्ट मला फार पटली. ती सोय मुळात बंद असते. सुरू करायची तर ठरलेल्या वेळात यंत्रावरचं बटण हाताने दाबावं लागतं, नाहीतर वीज काढून पुन्हा द्यावी लागते. पासवर्ड चोरलेला माणूस दुसऱ्या खंडात बसून सगळं करील, पण तुमच्या खोलीतलं बटण कसं दाबणार?

आता आपलं काम. पेटीवर कंपनीचं नाव वाचा. दुसऱ्या कंपनीची असली तरी अपडेट आणि पासवर्डची बाब तीच. पैसे घ्यायला केबलवाला येईल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा : सिस्टीम शेवटची कधी बदलली? पासवर्ड पहिल्या दिवसापासूनचाच आहे का? बाहेरून राऊटर उघडण्याचा मार्ग बंद केला आहे का? 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं' असं म्हणाला, तरी विचारा. पैसे आपण भरतो.

घरातल्या मुलाने स्वतः हे काम हाती घेतलं, तर आधी सेटिंगची प्रत काढून ठेवायला सांगा. मायक्रोटिक असेल तर काम दोन टप्प्यांचं आहे : आधी पॅकेजेसमध्ये जाऊन सिस्टीम बदलायची, मग राऊटरबोर्डमध्ये जाऊन फर्मवेअर. दुसरा टप्पा बरेच जण विसरतात. आणि काम चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ बघा.