स्पीकर डोळे मिटून निवडा

गडबहून पेणच्या बाजारात जाऊन कष्टाच्या पैशाने स्पीकर घेताना नुसत्या दणक्याला भुलू नका. दोन जोड्यांपैकी जी किंचित मोठ्याने वाजते, तीच कानाला सरस वाटते. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा. मग प्रल्हाद शिंदे यांचे पाठ असलेले एखादे गाणे दोन्हींवर ऐका. शब्द स्पष्ट येतात का? ढोलकी वेगळी कळते का?

अमेरिकेतील टूल व ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की, स्पीकर डोळ्यांसमोर असले की श्रोत्यांचे मत बदलते. तेव्हा डोळे मिटूनच ऐका. सोबत घरच्या बायामाणसांनाही न्या. घरात रोज ऐकणार त्याही आहेत.