नाबोथाने मळा विकला तेव्हा

नाबोथाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजवाड्यालगतचा त्याचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला आणि दगडांखाली मेला. आमच्या वसईत अहाबाला एवढे कष्ट पडले नाहीत. कितीतरी नाबोथ आपण होऊन निबंधकाच्या कचेरीत गेले, सही करून आले आणि संध्याकाळी पर्यावरणावरील व्याख्यानालाही हजर राहिले!

हे लिहिताना आनंद होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा दहशतीपुढे हाच समाज ताठ उभा होता. २००९ साली महानगरपालिका आली. गावे वगळावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. २९ गावांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला आणि २०२४ साली शासनाने ती पालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला. लोकांना न विचारता लोकांचे भवितव्य ठरवणाऱ्या कारभाराला दोष दिलाच पाहिजे.

पण टँकर कोणाच्या विहिरीवर भरला? बावखल कोणी बुजवले? पावसाचे गोडे पाणी बावखलात मुरे, म्हणून समुद्रकाठच्या वाडीतली विहीर गोडी राहत असे. मुरणे थांबले, उपसा वाढला आणि खारे पाणी आत शिरले. यात गूढ काही नाही. ज्या भूमीवर जुलै २०१८ मध्ये पाण्याने नालासोपाऱ्याची रेल्वे अडवली, तीच भूमी मे महिन्यात तहानेने व्याकुळ होते.

मग आपली तहान भागते कशाने? सूर्या धरणाच्या पाण्याने. डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी हा प्रकल्प उभारला गेला. त्याचे पाणी शहरांकडे वळवण्यास तेथील शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी विरोध केला. तरीही नव्या योजनेत वसई-विरारसाठी रोज १८५ दशलक्ष लिटर आणि मीरा-भाईंदरसाठी २१८ दशलक्ष लिटर ठरले. आपण नाबोथ म्हणून रडतो. त्यांच्या दारी मात्र आपणच अहाब आहोत.

कोणी म्हणेल, शेती परवडत नाही, आजारपणे आहेत, मुलांची शिक्षणे आहेत. खरे आहे. नाइलाजाने गुंठा विकणाऱ्यावर माझा दगड नाही. पण पाणी विकणे हा नाइलाज नव्हे, तो धंदा आहे; आणि त्याने शेजाऱ्याचीही विहीर खारी होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला. त्याचे वाचन पुष्कळ झाले. आता प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील विहिरी आणि बावखले मोजावीत, बुजलेली उकरावीत, टँकरला विहीर देणार नाही असा ठराव करावा आणि सूर्याकाठच्या शेताला आधी पाणी मिळावे, अशी मागणी आपणच करावी. पापनिवेदनानंतर नुकसानभरपाईही करावी लागते, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकवले आहे.