आधी रक्त तपासा, मग बूट घ्या

वाळवणं हातावेगळी होत आली की मैत्रिणींच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "यंदा जुलैअखेर व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड करायचं ठरतंय. बरोबर काय काय न्यावं?" सामानाची यादी देतेच, पण शेवटी. बॅग भरायला दोन दिवस पुरतात. आपलं शरीर तयार व्हायला मात्र तीन महिने लागतात, आणि नेमकं तेच आपण विसरतो. यजमानांची बीपीची गोळी आठवणीने घेऊ, मुलांचे स्वेटर बघू, सासूबाईंकडे कोण राहणार ते ठरवू. आपण काय, "घरात दिवसभर पायांवरच तर असते मी!"

बायांनो, ओट्याजवळ उभं राहणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं. थोडे आकडे बघा. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या या सहलीचा मुक्काम घांगरियाला असतो, आणि ते गावच साधारण ३,०५० मीटरवर आहे. तिथून हेमकुंड जेमतेम ६ किलोमीटर, पण त्यात चढ चारशे मजल्यांहून अधिक! वर हवाही विरळ. हेमकुंडला एका श्वासात जो प्राणवायू मिळतो, तो समुद्रकाठच्या साधारण साठ टक्केच.

तो प्राणवायू अंगभर पोचवतं कोण? रक्तातलं हिमोग्लोबिन. इथेच आपलं घोडं अडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे चौघी मिळून निघालात, तर दोघींचं रक्त कमी असण्याचा संभव आहे. घरी ते जाणवत नाही. जरा दम लागला की आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. डोंगर मात्र ते लगेच दाखवून देतो.

म्हणून पहिलं काम हे. जायच्या आधी बारा आठवडे रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तरी फरक पडायला दोन-तीन महिने जातात, आयत्या वेळी धावपळ करून भागत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही संकोच न करता सांगा. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर 'हो' म्हणाल्याशिवाय तिकिटं काढू नयेत.

दुसरं काम चालण्याचं. पहिले चार आठवडे रोज पाऊण तास झपाझप चाला. पुढचे चार आठवडे त्यात जिने घाला, आधी दहा मजले, मग वीस, मग तीस. इमारतीला लिफ्ट असली तरी तिला रामराम ठोका. शेवटच्या चार आठवड्यांत पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घ्या आणि दर रविवारी जवळचा गड किंवा टेकडी चढा. उतरायचा सरावही हवा, कारण गुडघे बोलतात ते उतरताना. नवे बूट याच दिवसांत पायात रुळवा. "रोज तास-दीड तास काढू कुठून?" असं म्हणाल. सकाळचा पहिला चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा. आठवडाभरात सवय होते, आणि तुम्ही दहा दिवस नसताना घर कसं चालेल याची रंगीत तालीमही होऊन जाते.

आता बेत आखू. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माईथ हे इंग्रज गिर्यारोहक या दरीत उतरले आणि तिच्यावर लुब्ध झाले. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली, २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. १ जून ते ३१ ऑक्टोबर ती खुली असते. फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसात! याच पावसाने बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. तेव्हा परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

पहिला दिवस हृषीकेश ते जोशीमठ, पूर्ण प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून गाडीने पुलना, आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर पायी घांगरिया. तिसऱ्या दिवशी फुलांची दरी, चौथ्या दिवशी हेमकुंड. हा क्रम उलटा करू नका. दरी त्या मानाने कमी उंचीवर आहे. तिथे एक दिवस चालून शरीर विरळ हवेला थोडं सरावतं, मग हेमकुंड झेपतं. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, चौकीवर शुल्क भरून संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं. आत खेचरं जात नाहीत. हेमकुंडलाही वर राहायची सोय नाही, म्हणून पहाटेच निघा. त्या यात्रेची नोंदणी उत्तराखंड पर्यटन विभागाकडे आधी करून ठेवावी लागते.

चालताना एक साधी खूण लक्षात ठेवा. शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. जी सर्वांत हळू चालते तिला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे पडत नाही. पाणी घोट घोट पीत राहा. वाटेत जागा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिण्याची आपली जुनी सवय इथे फार महागात पडते.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, जेवणावरची वासना जाणं ही उंची बाधल्याची लक्षणं. ती दिसली की आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी दम लागला, झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरवा. उंचीसाठीची गोळी असो वा पाळी पुढे ढकलण्याची, मैत्रिणीने दिली म्हणून घेऊ नका, स्वतःच्या डॉक्टरांना विचारा.

आता सामान. बूट घोट्यापर्यंतचे आणि पकड चांगली असलेले. साडीऐवजी सलवार किंवा ट्रॅकपँट. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंग गारठतं, तेव्हा सिंथेटिक कपडे आणि वर एक लोकरी स्वेटर. लांब रेनकोट, काठी, टोपी, मोजे चार जोड, बॅटरी, सुटे पैसे. शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर, भाजके चणे, मीठ-साखरेची पुडी. पाळीचे पॅड न्या, आणि वापरलेले कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत आणा. दरीत कचरा टाकायचा नाही, फूल तोडायचं नाही. ब्रह्मकमळ देवाला हवं असलं तरी ते जागेवरच राहू द्या.

शेवटची गोष्ट मनाची. अर्ध्या वाटेवर वाटलं की आता पुरे, तर तसं मोठ्याने सांगा. "माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको" म्हणून पाय ओढत चढलेली बाईच बहुधा आजारी पडते, आणि मग सगळ्यांनाच उतरावं लागतं. यजमान पुढे निघून गेले असतील तर जाऊ देत, तुम्ही सोबतिणीबरोबर मागे फिरा. निघण्याआधी घरी सगळ्यांना बसवून हे ठरवून घ्या, की मागे फिरणारीला कुणी नावं ठेवायची नाहीत.

तर मग उद्या सकाळी उपाशीपोटी चहा टाकायच्या आधी कुठे जायचं? पॅथॉलॉजीच्या दवाखान्यात! बुटांचं दुकान पुढच्या आठवड्यातही उघडंच असेल.